तक्त्यात नसलेला रकाना

वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षक होणे हे बाहेरून दिसते तितके सुखाचे काम नाही. पहिल्या रांगेत बसायला मऊ खुर्ची मिळते, समोर झाकण ठेवलेला पाण्याचा पेला असतो, शेवटी शाल आणि श्रीफळही मिळते. पण हातात गुणांचा जो तक्ता देतात तो घरी परतल्यावरही पाठ सोडत नाही. गेल्या हिवाळ्यात जबलपूरला अशाच एका स्पर्धेला मी गेले होते. तेव्हापासून एक गोष्ट मनात रुतून बसली आहे. आज ती वाचकांपुढे मांडते. तिला कबुलीजबाब म्हटले तरी माझी हरकत नाही.

जबलपुरात आणि मराठी वक्तृत्व स्पर्धा? काहींना नवल वाटेल. पण या शहराशी आपला संबंध जुना आहे. १८१७ साली इंग्रजांनी जबलपूर घेतले, त्याआधी तिथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे १८७० मध्ये मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेला. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला. रेल्वे, कचेऱ्या, शाळा, कारखाने अशा नोकऱ्यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येत राहिली आणि तिथलीच झाली. १९५६ पर्यंत तर नागपूर हीच त्या प्रांताची राजधानी होती, त्यामुळे जबलपूर आणि विदर्भ एकाच घरातल्या दोन खोल्यांसारखे होते. मग राज्यांची पुनर्रचना झाली, मध्ये भिंत उभी राहिली. भिंतीपलीकडच्या घरांत मराठी मात्र टिकली. गणपती टिकला, हळदीकुंकू टिकले आणि मुलांनी चार शब्द मराठीत बोलावेत ही आजी-आजोबांची इच्छाही टिकली.

त्याच इच्छेपोटी भरलेली ही स्पर्धा. गट आठवी ते दहावीचा. वेळ सहा मिनिटे, पाचव्या मिनिटाला पहिली घंटा. विषय 'कला आणि पर्यावरण'. स्पर्धक एकोणीस. परीक्षक आम्ही तिघे : एक निवृत्त मुख्याध्यापक, एक चित्रकला शिक्षक आणि मी.

ओझोनपासून ॲमेझॉनपर्यंत

सभागृह भरले होते. आया मुलांच्या कॉलरी नीट करीत होत्या. एक बाबा खिडकीपाशी मुलाकडून शेवटची उजळणी करून घेत होते. मुलगा अडखळला की त्यांचेच ओठ हलत. ते भाषण कुणी लिहिले असेल हे सांगायला ज्योतिषी नको होता.

स्पर्धा सुरू झाली. मुले खरोखर तयारीची होती. एकाने ओझोनच्या थराला पडलेले भोक हवेत दोन्ही हातांनी गोल काढून दाखवले. एकीने ॲमेझॉनच्या जंगलातली झाडे अशी तोडली की पहिल्या रांगेतल्या आजीबाईंनी 'अरेरे' म्हटले. तुकोबांचा तोच अभंग किती जणांनी म्हटला याची मी तक्त्याच्या कोपऱ्यात रेघा मारून नोंद ठेवली होती. त्या अकरा झाल्या. कला म्हणजे काय, तर निसर्गाचा आरसा. पर्यावरण म्हणजे काय, तर आपली माता. आणि शेवटी 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.'

सारे कसे घोटून घेतल्यासारखे होते. आणि आम्ही गुण देत होतो, कारण तक्त्यात तेच विचारले होते. विषयाची मांडणी, भाषा, उच्चार, हावभाव, वेळेचे बंधन. प्रत्येकी दहा गुण, एकूण पन्नास.

चौदावा क्रमांक एका नववीतल्या मुलीचा होता. दोन वेण्या, हातात कागद नाही, हावभावही नाहीत. माइक तिच्या कपाळापर्यंत येत होता. तो खाली करायला कुणी तरी उठले. तोवर ती तशीच शांत उभी राहिली. मग तिने सुरुवात केली. ती सांगत होती ते जवळपास तिच्याच शब्दांत असे :

"आमच्या घरी गणपती आजोबा करायचे, नर्मदेच्या मातीचा. आजोबा गेल्यावर आम्ही बाजारातून आणायला लागलो, पीओपीचा. एका वर्षी मूर्तीच्या हातातल्या कड्याचा रंग उडालेला होता. सोनेरी रंग घरात नव्हता, म्हणून मी हिरवे ठिपके काढले. ती माझी कला होती. मग विसर्जन झालं. दिवाळीच्या आधी आजीबरोबर घाटावर गेले, तेव्हा पाणी उतरलं होतं. चिखलात एक हात पडला होता. त्याच्यावर माझे हिरवे ठिपके होते. मला आधी आनंद झाला, की माझा रंग टिकला. मग लाज वाटली. कारण मूर्ती गळलीच नव्हती."

सभागृहात हशा पिकला. मराठीत छप्पर गळते, नळ गळतो, केस गळतात. मूर्ती कशी गळणार? तिला म्हणायचे होते 'विरघळली नव्हती'. हिंदीत बर्फ गळतो, साखर गळते. तोच शब्द मराठीचा समजून ती बोलून गेली होती. हसू का आले हे तिला कळले नसावे. क्षणभर थांबून ती पुढे बोलू लागली.

"आता मी मातीचा गणपती करते. पहिले तीन फुटले. चौथ्याची सोंड वाकडी झाली. आजोबांची मूर्ती सुबक असायची. माझी वाकडी आहे. पण गळते."

पुन्हा हशा. ती नमस्कार करून खाली उतरली. चार मिनिटेसुद्धा झाली नव्हती.

पाच गुण

मी तिला भाषेचे तीन गुण दिले. दहापैकी तीन. हावभावांचे चार. वर शेरा लिहिला : 'हिंदीचा प्रभाव'. तेव्हा ते मला अगदी योग्य वाटले. नियम म्हणजे नियम. एकीला सूट दिली तर बाकी अठरा जणांवर अन्याय होतो, असेही मी स्वतःला बजावले.

बेरीज झाली तेव्हा चित्रकला शिक्षकांनी तिला एकेचाळीस दिले होते, मुख्याध्यापकांनी एकतीस आणि मी एकोणतीस. एकूण एकशे एक. तिसऱ्या क्रमांकाला एकशे पाच गुण होते. उत्तेजनार्थ बक्षिसे दोन होती, तीही थोडक्यात हुकली. भाषेच्या रकान्यात मी तिनाच्या जागी आठ लिहिले असते, तर तिसरे बक्षीस तिचे होते.

पहिले बक्षीस ओझोनच्या मुलाला मिळाले. तो छानच बोलला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कार्यक्रम संपल्यावर जिन्यात ती मुलगी आणि तिची आजी भेटल्या. मुलीने विचारले, "मॅडम, माझं काय चुकलं?"

मी समजावले, "तुझं भाषण चांगलं होतं बाळ, पण 'गळली' नाही म्हणायचं. 'विरघळली' म्हणायचं."

तिने तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. आजी मात्र म्हणाल्या, "अहो ताई, आमच्या घरी चार पिढ्या गळतेच म्हणतात. हिला दुसरा शब्द सांगणार कोण?" त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्यामुळेच की काय, उत्तर सुचले नाही.

नंदबाबूंचे दोन शिष्य

संध्याकाळी चित्रकला शिक्षकांबरोबर चहा घेताना मी त्यांना विचारले, "तुम्ही एकेचाळीस कसे दिलेत?"

ते हसून म्हणाले, "एकोणीस मुलांत ती एकटीच कलेबद्दल बोलली. आणि एकटीच पर्यावरणाबद्दलही. बाकीच्यांनी त्या विषयावरचा निबंध म्हटला. आणि गंमत बघा, ज्या शहरात वेगड राहिले, तिथे कुणाच्या तोंडी वेगडांचं नाव नाही."

अमृतलाल वेगड हे नाव आपल्याकडे नर्मदा परिक्रमेची पुस्तके वाचणाऱ्यांना माहीत आहे. जन्म १९२८, मृत्यू २०१८. मूळ कच्छी घराणे, घरची भाषा गुजराती, शहराची हिंदी. तरुणपणी ते शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली चित्रकला शिकले आणि परत येऊन जबलपुरात त्यांनी मुलांना चित्रकला शिकवली. १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी नर्मदेकाठी पायी चालायला सुरुवात केली. एका दमात नाही, तुकड्यातुकड्यांनी. सुट्टी मिळाली की पाठीला पिशवी लावायची आणि मागच्या वेळी जिथे थांबलो तिथून पुढे निघायचे. असे करता करता त्यांनी या १३१२ किलोमीटर लांबीच्या नदीचा काठ पायाखाली घातला. वाटेत रेखाटने केली आणि घरी येऊन छापील मासिकांच्या रंगीत कागदांचे तुकडे चिकटवून चित्रे केली. घाटावरच्या बायका, नावाडी, परकम्मावासी. रद्दीतून नदी उभी केली म्हणा ना!

त्यांनी हिंदीत लिहिले, गुजरातीत लिहिले. २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो गुजराती पुस्तकाला. म्हणजे उभे आयुष्य हिंदी शहरात काढलेल्या माणसाला त्याच्या घरच्या भाषेने मान दिला. हे ऐकताना मला जिन्यातल्या आजी आठवत होत्या.

वेगडांची पहिली पदयात्रा जबलपूर ते मंडला अशी झाली. त्या वाटेचा बराच भाग आज चालता येत नाही. तो बर्गी धरणाच्या पाण्याखाली आहे. हे धरण १९९० मध्ये पुरे झाले. १६२ गावांना त्याची झळ लागली, त्यांतली कित्येक गावे पूर्ण बुडाली. धरणाने पाणी दिले, वीज दिली, हे खरेच आहे. पण त्या काठावरची घरे, भिंतींवरची चित्रे, घाटाच्या पायऱ्या कशा होत्या हे आज जाणून घ्यायचे, तर चित्रकाराची वहीच उघडावी लागते. कला आणि पर्यावरण यांचा संबंध सहा मिनिटांत सांगायचा, तर मला वाटते एवढे एक उदाहरण पुरे आहे.

जबलपूरला नंदबाबूंचा आणखी एक शिष्य लाभला, ब्योहार राममनोहर सिंहा. आपल्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखितात उद्देशिकेच्या पानाभोवती जी नाजूक वेलबुट्टी आहे ती त्यांच्या हातची. जबलपूरच्या शहीद स्मारकात त्यांची भित्तिचित्रे आहेत. मी दुसऱ्या दिवशी ती पाहून आले.

आणि या दोघांचे गुरू नंदलाल बोस यांचे नाते तर थेट आपल्या खानदेशाशी आहे. डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. गांधीजींनी सजावटीचे काम नंदबाबूंवर सोपवले आणि तिथल्या खेड्यात जे मिळते तेच वापरायचे असे ठरले. बांबू, गवत, चटया. त्यातून मंडप उभा राहिला. उत्सव संपल्यावर मातीत जाईल असेच सारे सामान. पर्यावरण हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पण काम झाल्यावर जी निमूटपणे मातीत मिळते तीच सजावट खरी, हे त्या माणसाला ठाऊक होते.

नववीतली ती मुलगी वेगळे काय म्हणत होती? माझी वाकडी आहे, पण गळते.

घाटावर

परतीची गाडी रात्रीची होती. दुपारी मी ग्वारीघाटावर गेले. नर्मदा संथ वाहत होती. नावा रांगेत उभ्या होत्या, बायका पानांच्या द्रोणांत दिवे लावून सोडत होत्या. काठच्या गाळात मला कुणाचा हात सापडला नाही, खोटे कशाला सांगू? पण पायरीच्या सांदीत पांढरट, कडक ढेकूळ होते. मी ते बोटाने दाबून पाहिले. ते दबले नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम. पाण्यात कालवला की तो पुन्हा दगडासारखा घट्ट होतो आणि एकदा घट्ट झाला की पाण्यात विरघळायला महिनोन् महिने घेतो. वर तेलकट रंगांचे कवच असले तर आणखीच. मातीची कच्ची मूर्ती मात्र काही तासांत बसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२० मध्ये त्या सुधारल्या. त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. दुसरी बाजूही आहे. प्लास्टरची मूर्ती हलकी, स्वस्त, वाहतुकीत न फुटणारी. पेणपासून अनेक गावांत त्यावर घरे चालतात. त्या कारागिराला खलनायक ठरवून आपण हात झटकणे बरोबर नाही. ओढूनताणून मोठी मूर्ती मागणारे आपणच असतो.

मुलीच्या भाषणात हे काहीच नव्हते. ना जिप्सम, ना मंडळ, ना कोर्ट. पण तिच्या भाषणात ती स्वतः होती. नदीत टाकलेल्या वस्तूवर आपलाच रंग सापडणे, त्याचा आनंद होणे आणि पाठोपाठ लाज वाटणे, एवढे खरे बोलायला मोठ्या माणसांनाही धैर्य लागते. आम्ही तिच्या शब्दावर हसलो. हसणाऱ्यांत मीही होते.

पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या सभेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. आपल्या लोकांनी चारचौघांत उभे राहून सार्वजनिक प्रश्नांवर स्वतःचे मत मांडावे, ही त्यामागची तळमळ होती. त्या परंपरेचे पुढे आम्ही काय केले? मत वडिलांचे, शब्द शिक्षकांचे, हावभाव मागच्या वर्षीच्या विजेत्याचे. मुलाचे फक्त पाठांतर.

एक विनंती

घरी आल्यावर मी कोश उघडला. संस्कृतातल्या 'गल्' धातूचे अर्थ ठिबकणे, गळून पडणे, नाहीसे होणे असे आहेत. मन करुणेने विगलित झाले असे आपणही लिहितोच की! म्हणजे त्या आजींच्या घरचा शब्द परका नव्हता, आमच्या ओळखीचा राहिला नव्हता इतकेच. आणि अगदी परका असता तरी भाषेचे तीनच गुण द्यावेत इतका मोठा तो गुन्हा होता का? सीमेपलीकडे चार पिढ्या मराठी जपणाऱ्या घराला आम्ही पुण्या-मुंबईच्या फूटपट्टीने मोजले.

आयोजकांना मी पत्र पाठवले. पुढच्या वर्षी तक्त्यात आणखी एक रकाना असावा असे सुचवले : 'स्वतः पाहिलेले, स्वतः केलेले'. त्यालाही दहा गुण. त्यांचे उत्तर आले, विचार करू म्हणून. सोबत एक शंकाही होती : खरोखर स्वतः पाहिलेले आहे की घरून पढवलेले, हे परीक्षकांनी ओळखायचे कसे? शंका रास्त आहे. मला वाटते, भाषणानंतर एक साधा प्रश्न विचारावा. त्या मुलीला विचारले असते, हिरवाच रंग का? तर ती लगेच म्हणाली असती, सोनेरी घरात नव्हता म्हणून. ॲमेझॉन तोडणाऱ्या मुलीला मात्र आपण काय विचारणार?

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी पर्यावरणावर भाषण लिहून द्या म्हणून मागे लागली, तर आधी चपला घाला. गावात नदी असेल तर नदीवर जा, नसेल तर नाल्यावर. कुंभाराच्या चाकाशी जा, मूर्तिकाराच्या मांडवात जा, घरासमोरचे तोडलेले झाड कुठे गेले ते लाकडाच्या वखारीत विचारा. तासभर काही बोलू नका. परत आल्यावर विचारा, काय पाहिलेस? ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहू द्या. शब्द चुकला तर एकांतात सांगा. स्पर्धेत बक्षीस मिळेलच असे नाही. मी परीक्षक असले तर मिळणार नाही, हे तर आता सिद्धच झाले आहे.

आयोजकांच्या पत्त्यावर मी त्या मुलीसाठी एक पाकीट पाठवले. आत वेगडांच्या पुस्तकाची मराठी प्रत आहे आणि एक चिठ्ठी. बक्षीस म्हणून नव्हे, कारण ते द्यायची वेळ मी घालवली. चिठ्ठीत एवढेच लिहिले आहे की पुढच्या गणपतीची सोंड कशी झाली ते कळव, आणि मूर्ती किती वेळात गळली तेही.

'गळली' हाच शब्द लिहिला आहे.